टिपणाचा पत्ता

संशोधन प्रश्नापासून सुरू होते असे पुस्तकांत लिहिलेले असते. विद्यार्थ्याचे संशोधन बहुधा पसाऱ्यापासून सुरू होते. ‘पुण्यातला 1897 चा प्लेग’ एवढा विषय ठरतो आणि थोड्याच दिवसांत झेरॉक्सचा गठ्ठा, मोबाइलमधले फोटो, वहीतले उतारे, सरांनी सुचवलेली पुस्तके, मित्राने पाठवलेली पीडीएफ असे सगळे अंगावर येऊ लागते. प्रश्न त्या पसाऱ्यातूनच वर यायचा असतो. तो यावा म्हणून पसारा लावायचा.

लावालावीला कारकुनी काम समजणाऱ्याचे लेखन पुढे कुठेतरी अडतेच. कोणता कागद कोणाशेजारी ठेवायचा हे ठरवताना माणूस इतिहास लिहायला लागलेला असतो. वाक्ये तेवढी व्हायची असतात.

कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणासाठी लिहिले. हे तीन प्रश्न न विचारता उतरून घेतलेले वाक्य ही ऐकीव गोष्ट. मग ते सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदावरचे का असेना.

समजा, वहीत एक ओळ आहे: गोरे शिपाई घरात शिरले आणि त्यांनी सामान रस्त्यावर टाकले. खाली काहीच नाही. ही ओळ टिळकांच्या केसरीतली असू शकते. प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळ्या झाडणाऱ्या दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्तातली असू शकते. सरकारने करवून घेतलेल्या वृत्तपत्रांच्या गोषवाऱ्यातली असू शकते. चाळीस वर्षांनी कोणी लिहिलेल्या आठवणींतली असू शकते, किंवा परवाच छापलेल्या एखाद्या पुस्तकातली. ओळ एक, साक्षीदार पाच. पाचांचे वजन सारखे नाही आणि पाचांचा हेतूही सारखा नाही.

केसरीतली असेल तर ती त्या आठवड्यातली, शहरातल्या वाचकासाठी आणि सरकारही हे वाचते आहे हे जाणून लिहिलेली. चापेकरांची असेल तर तुरुंगात बसून लिहिलेली. लिहिणारा 18 एप्रिल 1898 रोजी फाशी गेला. ते आत्मवृत्त पुष्कळांच्या हाती येते ते मुंबई सरकारने 1958 साली काढलेल्या स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांच्या दुसऱ्या खंडातून, म्हणजे इंग्रजी भाषांतरातून. पुण्याच्या माणसाचे बोलणे इंग्रजीत गेले आणि विद्यार्थी ते परत मराठीत आणतो. या ये-जा करण्यात चापेकरांचे शब्द किती उरले? टिपणाखाली ‘इंग्रजीवरून, मराठी माझे’ एवढे लिहिले तर निदान फसवणूक होत नाही. ते लिहिले नाही तर सहा महिन्यांनी विद्यार्थी स्वतःचीच वाक्ये चापेकरांची म्हणून अवतरणचिन्हांत घालतो, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे.

गोषवाऱ्याची गोष्ट आणखी नाजूक. सरकारी भाषांतरखाते दर आठवड्याला देशी वृत्तपत्रांतल्या निवडक मजकुराचा इंग्रजी सारांश करी. निवड अर्थातच सरकारच्या गरजेची. ग्रंथालयात तो सारांश सहज मिळतो, वाचायला सोपा असतो, म्हणून विद्यार्थी त्यावरून ‘केसरीने असे म्हटले’ असे बेधडक लिहितो. त्या वाटेने गेले की केसरी दर आठवड्याला नुसता संतापलेला दिसतो. प्रत्यक्ष अंक उघडल्यावर त्यात जाहिराती असतात, परगावच्या बातम्या असतात, पत्रव्यवहार असतो. ज्या टिळकांनी प्लेगच्या बंदोबस्तावर कडक टीका केली, त्यांनीच पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटल उभे करण्यासाठी पुढाकार घेतला होता. सारांशाच्या खिडकीतून हे दोन टिळक एकत्र दिसणे कठीण. म्हणून टिपण ‘केसरी’ एवढ्यावर थांबू नये. ‘केसरी, सरकारी सारांशावरून, मूळ अंक पाहिलेला नाही’ असे ते पूर्ण व्हावे. शेवटच्या चार शब्दांची लाज वाटण्याचे कारण नाही. मूळ न पाहणे हा गुन्हा नाही. पाहिल्यासारखे दाखवणे हा आहे.

तारीख हा टिपणाचा कणा.

केसरी मंगळवारी निघे आणि टिळकांचाच इंग्रजी मराठा रविवारी. एवढी साधी माहिती हाताशी असली तर अर्ध्या चुका टेबलावरच पकडता येतात. 22 जून 1897 हा मंगळवार. त्या रात्री, गणेशखिंडीतला राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आता कोणाच्या वहीत ‘केसरी, 22 जून: रँडवरील हल्ल्याची बातमी’ असे असेल तर काहीतरी बिघडले आहे. त्या तारखेचा अंक हल्ल्याच्या आधीचा. पुढचा रविवार 27 जूनचा, पुढचा मंगळवार 29 जूनचा. बातमी तिथे शोधायची.

त्याच प्रसंगात दुसरा खड्डा आहे. आयर्स्ट त्या रात्रीच गेला. रँड 3 जुलैला. पण ‘22 जून, रँडचा वध’ हे शब्द आपल्या तोंडात इतके बसले आहेत की मधले अकरा दिवस गायब होतात. त्या अकरा दिवसांत शहरात काय काय चालले असेल याचा विचार मग कोणी करत नाही, कारण टिपणात ते दिवसच नाहीत. तारीख चुकली की नुसता आकडा चुकत नाही, काळाचा एक तुकडा पुसला जातो.

आणि तिसरा, सगळ्यांत खोल. टिळकांना 1897 साली राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली ती ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या अग्रलेखामुळे, असे शाळेपासून पुष्कळांच्या मनात पक्के असते. तो अग्रलेख जुलैतला. खटला चालला तो 15 जूनच्या अंकातल्या शिवाजी-उत्सवाच्या मजकुरावर, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आठवडाभर आधी छापलेल्या शब्दांवर. तीन चिठ्ठ्या घ्याव्यात: 15 जून, 22 जून, जुलै. त्या ओळीने ठेवल्या की सरकारचा युक्तिवाद कोणत्या क्रमावर उभा होता हे विद्यार्थ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. उलटसुलट ठेवल्या तर दहा पुस्तके वाचूनही ते लक्षात येत नाही.

मला स्वतःला चिठ्ठी आवडते. एक चिठ्ठी, एक गोष्ट. वरच्या कोपऱ्यात तारीख, खाली साधन आणि पान, मध्ये मजकूर; मूळचे शब्द असतील तर अवतरणात, आपले असतील तर मोकळे; आणि आपले मत मागच्या बाजूला. मत पुढच्या बाजूला येऊ देऊ नये. मागून पुढे आलेले मत काही दिवसांनी पुरावा म्हणून वावरू लागते. आज बरेच जण झोटेरोसारखे सॉफ्टवेअर वापरतात, ते उत्तमच आहे. शोधायला सोपे, संदर्भसूची आपोआप तयार. पण पान क्रमांक तिथेही माणसालाच भरावा लागतो.

मोबाइलच्या फोटोंबद्दल तळमळून सांगावेसे वाटते. मुंबईच्या पुराभिलेखागारात, त्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, परवानगी काढून विद्यार्थी दिवसभर फायली पाहतो. फोटो काढू देत असतील तर भराभर काढतो आणि समाधानाने घरी येतो. आठवड्याने उघडतो तेव्हा शेकडो पिवळी पाने समोर असतात, आणि कोणते पान कोणत्या फाइलचे हे सांगणारे काही नसते. म्हणून पहिला फोटो नेहमी फाइलच्या वेष्टनाचा: खाते, साल, खंड, क्रमांक. फाइल बदलली की पुन्हा वेष्टन. मध्ये पाने सोडली असतील तर तसे कागदावर लिहून त्या कागदाचाही फोटो. आणि त्याच संध्याकाळी नावे द्यायची. दुसऱ्या दिवसावर ढकललेले नामकरण होत नाही, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिले आहे. फोटो काढल्याने कागद आपल्याकडे येतो. तो वाचून होत नाही.

एकाच माणसाला कागद अनेक नावांनी ओळखतात. चापेकर आणि चाफेकर दोन्ही लिहिले जातात, इंग्रजीत तर आणखी तऱ्हा. आजाराचेही तसेच. प्लेग, गाठीचा ताप, ग्रंथिक सन्निपात. जो फक्त ‘प्लेग’ शोधतो त्याला फक्त ‘प्लेग’ सापडतो. आपल्या सूचीत एक नाव मुख्य धरावे आणि बाकीची त्याखाली नोंदवावीत. पण उतारा घेताना कागदावर जे आहे तेच ठेवावे. सूची आपली असते, उतारा त्यांचा.

पुण्यातच लावालावीची थोर परंपरा आहे. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला. पेशवाईतली पत्रे छापून हाती येत होती आणि त्याच काळात शहरात प्लेगचे नवे कागद तयार होत होते. पुढे असे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, कोणाच्या माडीवरून, कोणाच्या माजघरातून ही दप्तरे बाहेर आली. 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते कागद जमवणाऱ्यांच्या आणि लावणाऱ्यांच्या श्रमांवर.

गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड काढले. रुमालात बांधलेल्या अफाट दप्तरातून एवढे काढणे हे एका आयुष्याला पुरेल असे काम, आणि त्यांनी ते काही वर्षांत केले. खंड बरेचसे विषयवार आहेत. अभ्यासकाला ते फार सोयीचे पडले. पण एक गोष्ट विद्यार्थ्याने त्यांच्याकडे पाहूनच शिकावी. अठराव्या शतकातले पत्र एका विषयावर नसते. त्यात मोहीम असते, कर्ज असते, घरातले आजारपण असते, पावसाची हकिकत असते. ते विषयवार खंडात गेले की एका विषयाचे होते. संपादकाला ही निवड करावीच लागते, कारण पत्र दोनदा छापता येत नाही. विद्यार्थ्यावर तशी सक्ती नाही. त्याने टिपण मूळ साधनाच्या क्रमानेच एका जागी ठेवावे आणि त्याचा पत्ता हव्या तितक्या विषयांखाली लिहावा. कागद एकदाच ठेवायचा, वाटा कितीही काढायच्या.

रुमालाचा मूळ क्रमही पुरावा असतो. कोणते कागद कोणी एकत्र बांधले, यावरून बांधणाऱ्याला ते कशासाठी लागत होते हे कळते. सोयीसाठी तो मोडला तर तसे लिहून ठेवावे.

विषयवार मांडणी आपल्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टी दाखवते. तारीखवार मांडणी माहीत नसलेल्या दाखवते. प्लेगच्या प्रकल्पात ‘रँडची समिती’ असा एक लखोटा असतो आणि, विद्यार्थी जागरूक असेल तर, ‘समाजसेवा’ असा दुसरा. सावित्रीबाई फुले दुसऱ्यात जातात. तारखेने लावल्यावर दिसते की त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना तोच रोग होऊन 10 मार्च 1897 रोजी गेल्या, आणि मार्चमध्येच पुण्यात रँडच्या समितीची घरझडती सुरू झाली. दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला पाठ असतात. त्या एकाच महिन्यातल्या, एकाच शहरातल्या आहेत, हे मात्र लखोट्यांनी त्याच्यापासून लपवलेले असते. आजाऱ्याला घेऊन जाणारे दोन प्रकारचे हात त्या एकाच मार्चमध्ये फिरत होते. इथून पुढे प्रश्न आपोआप येतात. कोणाला कोणी नेले? कोणत्या वस्तीत कोण पोहोचले? माणूस कोणाच्या हाती स्वतःहून गेला?

न जुळणारे टिपण फेकू नये. त्याला वेगळा लखोटाही करू नये, कारण वेगळ्या लखोट्यातले विसरले जाते. ज्या टिपणाशी ते भांडते त्याच्या शेजारीच ते ठेवावे. भांडण तसेच राहू द्यावे. प्रकल्पाचा सर्वांत जिवंत परिच्छेद बहुधा तिथेच लिहिला जातो.

टिपणाखाली नाव असणे किती मोलाचे, हे एका प्रसंगातून दिसते. गोपाळ कृष्ण गोखले 1897 च्या उन्हाळ्यात इंग्लंडात होते, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गेलेले. पुण्याहून त्यांना पत्रे येत होती. त्यांच्या आधारे त्यांनी तिथे प्लेगच्या काळातल्या सोजिरांच्या वर्तनावर, स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांवर जाहीर आरोप केले. मायदेशी परतले तेव्हा पुरावा मागितला गेला. आलेल्या पत्रांवरून काही सिद्ध करता येईना. त्यांनी जाहीर माफी मागितली, आणि ती त्यांच्या मनाला आणि लौकिकाला फार लागली.

इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा प्रसंग सावकाश वाचावा. प्रश्न गोखल्यांच्या सचोटीचा नव्हता. पत्र लिहिणारे खोटे बोलत होते असेही त्यावरून ठरत नाही. खरे असणे आणि दाखवता येणे यांत जे अंतर आहे ते त्या माफीत उघडे पडले. ज्याने पाहिले तो पुढे येऊ शकत नव्हता. जो बोलला त्याने पाहिलेले नव्हते. त्याच 1897 च्या मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या छावणी-इस्पितळातल्या स्त्रियांच्या स्थितीबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये स्वतःच्या सहीने पत्र छापले होते. सही होती, म्हणून त्या पत्राला उत्तर द्यावे लागले. नाव असलेल्या एका कागदाने जे साधले, ते नाव सांगता न येणाऱ्या गठ्ठ्याला साधता आले नाही.

पण म्हणून बिननावाचा कागद बाजूला टाकावा का? मला तसे वाटत नाही. बाईने अब्रूच्या भीतीने नाव दिले नसेल तर ती भीती हीच त्या काळाबद्दलची साक्ष आहे. टिपणात एवढे स्पष्ट असावे: नाव नाही, का नसावे, आणि या कागदावर किती भार टाकता येईल. विद्यार्थ्याला वाटते की साधनांचे ‘विश्वसनीय’ आणि ‘अविश्वसनीय’ असे दोन ढीग असतात. प्रत्येक कागद कशाबद्दल तरी विश्वसनीय असतो. झडतीचा सरकारी आकडा झडतीबद्दल काही सांगेल किंवा सांगणार नाही, सरकारला काय मोजावेसे वाटले ते नक्की सांगेल.

एक लखोटा रिकामा राहतो. त्यावर लिहिलेले असते: छावणीत नेलेली माणसे, त्यांच्याच शब्दांत. सफाई कामगार, मोलकरणी, अलगीकरणात ठेवलेली मुले. महिनोन्महिने त्यात काही पडत नाही. समितीच्या कागदांत ती संख्येने येतात, वृत्तपत्रांत ती दयेने येतात. विद्यार्थी शेवटी कंटाळून तो लखोटा काढून टाकतो, आणि त्यासोबत ती माणसेही प्रबंधातून जातात. लखोटा ठेवावा. कुठे कुठे शोधले आणि काय मिळाले नाही याची यादी त्यात घालावी, तारखेसह. पुढच्याचे श्रम वाचतात, आणि आपल्या प्रबंधात एक वाक्य तरी खरे येते.

घराण्यात ऐकलेल्या गोष्टींना याच लखोट्याच्या जवळ जागा द्यावी. ‘आमच्या पणजीला प्लेगात रानात झोपडी बांधून ठेवले होते’ असे सांगणारे लोक आजही भेटतात. सांगणारे कोण, त्यांनी कोणाकडून ऐकले, ऐकले तेव्हा वय काय होते, एवढे विचारून घ्यावे. तीन पिढ्या ओलांडून आलेल्या गोष्टीत साल चुकते, रानाचे नाव बहुधा चुकत नाही.

किती साधने पुरेत? प्रत्येक नवा कागद जुन्या टिपणांनाच दुजोरा देऊ लागला आणि नवा प्रश्न उभा करेनासा झाला की लिहायला बसावे. त्याआधी बसले तर धाडस होते. त्यानंतर पुष्कळ दिवस टाळले तर भीती.

हे सगळे जुन्या कागदांपुरते नाही. 4 फेब्रुवारी 1897 चा साथरोग कायदा प्लेगसाठी झाला. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात कोविडची साथ आली तेव्हा तोच लागू केला गेला. आज महाविद्यालयात असलेले विद्यार्थी त्या वर्षी शाळकरी होते. सोसायटीच्या फाटकावरची सूचना, ई-पासचा अर्ज, ऑक्सिजन सिलिंडरसाठी फिरवलेला संदेश, कोणीतरी पाठवलेला काढ्याचा उपाय, हे सगळे त्यांच्या घरातल्या जुन्या फोनमध्ये पडून आहे. कोणी पाठवले ते नाही, कधी ते नाही, आणि फोन बदलला की तेही नाही. 1897 चे कागद शोधताना ज्या उणिवांवर हे विद्यार्थी हळहळतात, त्याच उणिवा त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये वाढत आहेत.

प्लेगवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने हे ओळखले. तिची आई 2020 साली कोविड वॉर्डात परिचारिका होती. ड्युटीच्या वेळापत्रकांचे फोटो, रात्री सहकारी परिचारिकांना पाठवलेले निरोप, नातेवाइकांचे फोन नोंदवलेली एक छोटी डायरी, असे सगळे आईने तिला दिले. अट एकच घातली, रुग्णांची नावे बाहेर जाता कामा नयेत. तिने प्रत्येक रुग्णाला क्रमांक दिला. टिपणांत फक्त क्रमांक, तारीख, वॉर्ड आणि कागदाचा प्रकार. कोणता क्रमांक कोणाचा ते वेगळ्या वहीत, आणि ती वही आईच्या ताब्यात. सूचीच्या पहिल्या पानावर तिने हे सगळे लिहून ठेवले आहे: नावे का नाहीत, ती कुठे आहेत, आणि कोणाच्या परवानगीने पाहता येतील.